उलटी बाजू दाखवा

मशीनमध्ये दोरा ओवण्याचा आमचा धडा माझ्याइतक्या वेळा कुणीच पाहिला नसेल. ताई शिकवायची, मी चित्रीकरण करायचो आणि रात्री बसून त्याची काटछाट करायचो. रिळावरून निघालेला दोरा कुठल्या खाचेतून जातो, त्याचा ताण राखणाऱ्या टेन्शनच्या चकत्यांमधून कसा फिरतो, वर जाऊन पुन्हा खाली कसा येतो आणि सुईच्या नेढ्यात कुठल्या बाजूने शिरतो, हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी धडाधड सांगितलं असतं. कपड्यांची किरकोळ दुरुस्ती शिकवणारा आमचा छोटासा ऑनलाइन वर्ग होता. तुटलेलं बटण, बिघडलेली चेन, सुटलेलं हेम (कडेची दुमड), उसवलेली शिवण, अशी रोजची कामं. त्या वर्गाचा निम्मा मास्तर मी स्वतःला समजत होतो.

ताई बाहेरगावी असताना एकदा उशीचा अभ्रा उसवला. म्हटलं, एवढ्यासाठी तिची वाट कशाला पाहायची? दोरा ओवला, टीप मारली. वरून शिवण अगदी सरळ. कापड उलटलं तर खाली दोऱ्याचा हा भलामोठा गुंता. खालच्या दोऱ्याची बॉबिन काढून परत बसवली, सुई बदलली, मग कापडालाच नावं ठेवली. शेवटी आमचाच व्हिडिओ लावला आणि एकेक पायरी थांबवून ताडून पाहिली. सगळं बरोबर, आणि गुंता तसाच. दोन दिवसांनी ताई आली. तिने मशीनकडे पाहिलंसुद्धा नाही. अभ्र्याची उलटी बाजू पाहिली आणि विचारलं, "ओवताना फूट खाली होता ना?"

होता. फूट म्हणजे सुईपाशी कापड दाबून धरणारा मशीनचा पाय. तो खाली असला की टेन्शनच्या चकत्या मिटलेल्या असतात. दोरा त्यांच्यामध्ये बसत नाही, वरवरून निसटतो. मग वरचा दोरा सैल सुटतो आणि कापडाखाली गोळा होतो. गुंता खाली दिसतो म्हणून माणूस बॉबिनशी झटत राहतो आणि चूक असते वर. आमच्या धड्यात फूट वर उचललेलाच होता, पण ताईने तसं तोंडाने कधी सांगितलं नव्हतं. ओवायला घेण्याआधी तिचा हात आपोआप मागच्या दांडीकडे जातो, तो फूट उचलतो, आणि तिला त्याचा पत्ताही नसतो. काटछाट करताना ते दोन सेकंद मला बिनकामाचे वाटले होते. मीच ते कापले होते.

मायकल पोलान्यी या विचारवंताने १९६६मध्ये मांडलेली गोष्ट हीच होती, की माणसाला जेवढं सांगता येतं त्यापेक्षा कितीतरी जास्त ठाऊक असतं. हातात मुरलेलं ज्ञान शब्दांत उतरत नाही आणि पुष्कळदा कॅमेऱ्यातही उतरत नाही. ते शिकणाऱ्यापर्यंत पोहोचतं ते त्याची चूक कुणीतरी पाहिल्यावर. ऑनलाइन शिकवणीच्या धंद्यात मी काही वर्षं काढली आहेत, तेव्हा जबाबदारीने म्हणतो: या धंद्यात दाखवण्याचं काम फार उत्तम होतं, पाहण्याचं काम जवळपास होतच नाही. आणि ज्या शिकवणीत शिकणाऱ्याचं काम कुणी पाहत नाही, तिला शिक्षण म्हणून पैसे घेऊ नयेत, असं माझं आता स्पष्ट मत झालं आहे.

माझी फजिती एकट्याची नाही हे नंतर कळलं. मायकल कार्डस आणि एड ओब्रायन या दोन संशोधकांनी २०१८मध्ये नेमक्या याच भ्रमाचे प्रयोग प्रसिद्ध केले. टेबलावरची भांडी न हलवता खालचं कापड झटक्यात ओढून काढणं, नेम धरून डार्ट मारणं, पुढे चालल्यासारखं भासवत मागे सरकणारा तो मूनवॉक, असली कसबं त्यांनी लोकांना व्हिडिओवर दाखवली. काहींना एकदाच, काहींना वीस-वीस वेळा. वीसदा पाहणाऱ्यांना आपल्याला जमेल असा विश्वास जास्त होता. डार्ट आणि मूनवॉक प्रत्यक्षात करायला लावल्यावर ते एकदा पाहणाऱ्यांपेक्षा सरस ठरले नाहीत. मला त्यातला सर्वांत बोलका वाटलेला भाग वेगळाच आहे. बोलिंगच्या खेळातल्या जड पिना हवेत झेलण्याचा व्हिडिओ पाहून ज्यांचा आत्मविश्वास चढला होता, त्यांच्या हातात त्या पिना नुसत्या काही क्षण धरायला दिल्या. तेवढ्याने तो उतरला. फेकावीही लागली नाही, वजन कळलं एवढंच.

आता हे धंद्याच्या बाजूने पाहा. गिऱ्हाईक व्हिडिओ पाहतं, त्याला वाटतं की आपल्याला येऊ लागलं, ते खूश होतं, चांगला अभिप्राय देतं आणि पुढचा कोर्स घेतं. हा सगळा व्यवहार त्याने सुईला हात लावण्याआधी पूर्ण होतो. हातात घेतलं की भ्रम फुटणार, आणि भ्रम फुटलेलं गिऱ्हाईक पुढचा कोर्स घेईलच असं नाही. कुणी बसून कट रचला आहे असं मी म्हणत नाही. आम्हीही रचला नव्हता. पण रेकॉर्ड केलेल्या धड्याचा खर्च एकदाच येतो आणि हजाराव्या विद्यार्थ्याला तो दाखवायला काहीच पडत नाही. उलट काम तपासायचं म्हटलं तर हजाराव्या विद्यार्थ्यालाही पहिल्याइतकाच वेळ द्यावा लागतो. उताराला लागलेलं पाणी कुठे जाणार?

मोठ्यांचंही हेच झालं. २०११च्या शरद ऋतूत स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या सेबॅस्टियन थ्रन आणि पीटर नॉर्विग यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेचा अभ्यासक्रम सगळ्या जगासाठी फुकट खुला केला, तेव्हा सुमारे १,६०,००० लोकांनी नाव नोंदवलं आणि वीस हजारांहून थोड्या जास्त लोकांनी तो पूर्ण केला. त्यानंतर असे अभ्यासक्रम ऑनलाइन देणारी कोर्सेरा आली, एडएक्स आली. न्यूयॉर्क टाइम्सने २०१२ला अशा महाकाय खुल्या वर्गांचं वर्ष म्हटलं. विद्यापीठांच्या भिंती आता पडणार अशी हवा होती. पुढे जस्टिन राइश आणि होसे रुइपेरेस-वालिएन्ते या संशोधकांनी एमआयटी आणि हार्वर्डच्या एडएक्सवरच्या अभ्यासक्रमांचा सहा वर्षांचा हिशोब २०१९मध्ये मांडला. नाव नोंदवणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांनी अभ्यासक्रमाचं दार एकदाही उघडलं नव्हतं. २०१७-१८मध्ये तो पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण सव्वातीन टक्क्यांच्याही आत होतं. स्वतः थ्रन यांनी तर २०१३मध्येच आपल्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या कंपनीचा माल रद्दी असल्याची जाहीर कबुली दिली होती. धंदा चालू असताना एवढं बोलायला धाडस लागतं, याबद्दल मला त्यांच्याविषयी आदरच आहे.

त्याच हिशोबात आणखी एक आकडा आहे आणि तो माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जातो असं कुणी म्हणेल. ज्यांनी पैसे भरून प्रमाणपत्राचा मार्ग घेतला, त्यांतले निम्म्याच्या आसपास लोक शेवटपर्यंत पोहोचले. म्हणजे पैसे घ्या, लोक शिकतील! पण पैसे भरणारा आधीच कंबर कसून आलेला असतो, हे एक. आणि पूर्ण करणं म्हणजे शिकणं, हे कोण ठरवणार? आमच्याही वर्गाचं प्रमाणपत्र शेवटचा व्हिडिओ शेवटपर्यंत चालला की आपोआप तयार व्हायचं. त्यावर मीच छान वेलबुट्टी काढली होती. ते प्रमाणपत्र मलाही मिळालं असतं. दोऱ्याच्या गुंत्यासकट.

फुकट व्हिडिओंची कथा निराळी वाटते, पण तिथेही गणित असतंच. यूट्यूबने २०१२मध्ये किती जणांनी व्हिडिओ उघडला याऐवजी किती वेळ पाहिला याला महत्त्व द्यायला सुरुवात केली. जाहिरातीचं उत्पन्न सुरू होण्यासाठी १,००० सदस्य आणि वर्षभरात ४,००० तास पाहिलं गेल्याची अट २०१८पासून आली. व्हिडिओच्या मधोमध जाहिरात घालायची तर तो निदान दहा मिनिटांचा हवा असे, २०२०मध्ये ती मर्यादा आठ मिनिटांवर आली. नळाचा वायसर बदलायला पाना हातात घेतल्यापासून दोन मिनिटं लागतात. त्याचा व्हिडिओ नऊ मिनिटांचा का असतो आणि त्यातली पहिली तीन मिनिटं "नमस्कार मित्रांनो"मध्ये का जातात, ते यावरून कळावं. करणारा बिचारा वाईट शिक्षक असतो असं नाही, त्याला मोबदला मिळतो तो तुम्हाला थांबवून ठेवल्याचा. तुमचा नळ लवकर दुरुस्त झाला तर त्याचं नुकसान.

त्यातच २०२१च्या नोव्हेंबरपासून नापसंतीचा आकडा दिसेनासा झाला. लोकांनी टोळ्या करून एखाद्यावर तुटून पडू नये, हा दिलेला हेतू चांगला होता. पण गाण्याला किती जणांनी नापसंत केलं याने माझं काही अडत नाही. पाणी गळायचं थांबवण्याचा चुकीचा उपाय सांगणाऱ्याला किती जणांनी नापसंत केलं, हे मात्र मला पाना उचलण्याआधी हवं असतं. शिकवणाऱ्याचं काम तपासण्याची एक ओबडधोबड का होईना सोय होती, तीही गेली.

इथे मला स्वतःला थोडं आवरायला हवं, कारण रात्री अकराला नळ गळत असताना हाच नऊ मिनिटांचा व्हिडिओ मीही लावलेला आहे. मुख्य कॉक बंद केला, नळ खोलला, झिजलेला वायसर काढून नवा घातला, गळती थांबली. त्या रात्री मी शिकलो का? नाही. पुढच्या वेळी पुन्हा व्हिडिओ लावावा लागला. पण मला शिकायचं नव्हतंच, काम भागवायचं होतं, आणि ते भागलं. वर्षातून एकदा लागणाऱ्या कसबासाठी हातात मुरवण्याइतका वेळ घालवावा असं मी कुणालाही सांगणार नाही.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. चाळिशीच्या माणसाला बटण लावता येत नसेल तर तो कुणाला विचारणार? ज्याला विचारेल तो आधी हसेल आणि मग शिकवेल. व्हिडिओ हसत नाही. दहा वेळा मागे नेला तरी कंटाळत नाही. घरात विचारायला कुणी नसलेल्यांना, असूनही विचारायची चोरी असलेल्यांना, आपल्या घरात मुलांनी किंवा मुलींनी हे काम करायचं नाही असं ऐकत वाढलेल्यांना या पडद्याने दिलेली मोकळीक खरी आहे. आमच्या वर्गात सुरुवातीला जे आले त्यांतले बरेचसे असेच होते. कॅमेरा बंद ठेवायचे, नाव अर्धंच लिहायचे.

तर भांडण व्हिडिओशी नाही. काम भागवण्याच्या सोयीला शिक्षण म्हणून खपवण्याशी आहे. 'तीस दिवसांत शिवणकलेत पारंगत व्हा' अशी जाहिरात पाहिली की मला 'पी हळद आणि हो गोरी' आठवतं, फक्त हळद आता टप्प्याटप्प्याने, मासिक वर्गणीत मिळते.

आमच्या वर्गात बदल झाला तो माझ्या हुशारीने नाही. अभ्र्याच्या प्रकरणानंतर ताईने एकच अट घातली. प्रत्येक धड्यानंतर ज्याने त्याने आपल्या शिवणीचा फोटो पाठवायचा, आणि तो उलट्या बाजूचा. वरची बाजू कुणालाही सजवता येते, म्हणाली. उलट्या बाजूला सगळं असतं. टाके कुठे आखडले, कुठे सैल पडले, गाठ कुठे मारली, दोरा संपत आल्यावर घाई कशी झाली. आणखी एक: गडद कापड आणि पांढरा दोरा वापरायचा. आम्ही तोवर कापडाच्या रंगाचा दोरा घ्या असं सांगत होतो, म्हणजे चुका झाकल्या जाव्यात याची व्यवस्थाच शिकवत होतो.

पहिल्या आठवड्यात काही जण सोडून गेले. आम्ही फक्त बघायला आलो होतो, असं एकाने सरळ लिहिलं, आणि त्याचं मला कौतुक वाटलं. उरलेल्यांचे फोटो येऊ लागले आणि ताईची पंचाईत झाली, कारण रोज रात्री दोन तास तिचे त्यातच जायचे. उत्तरं मात्र एक-दोन ओळींची. 'सुई आडवी धरतेस, उभी घाल.' 'दोरा हातभर घे, लांब घेतलास म्हणून गुंतला.' 'छान आहे, तिसऱ्या टाक्यापासून उसव.' हे शेवटचं वाक्य आमच्या वर्गात पुढे विनोद म्हणून चालू लागलं. पण उसवणं हा धडा आहे, हे मला त्यातूनच कळलं. कुठल्याही व्हिडिओत मी उसवणं ठेवलं नव्हतं. चित्रीकरणात चुकलं की आम्ही थांबायचो, नवं कापड घ्यायचो आणि पहिल्यापासून करायचो. पाहणाऱ्याला वाटणार, येणाऱ्यांचं चुकतच नाही.

जीन लेव्ह या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी लायबेरियातल्या शिंप्यांकडे उमेदवारी करणाऱ्या मुलांचा बारकाईने अभ्यास केला आहे. तिथली पोरं कपडा जसा तयार होतो त्याच्या उलट्या क्रमाने शिकतात. आधी काजं-बटणं आणि हेम, मग शिवण, आणि कापणी सर्वांत शेवटी. कारण साधं आहे. बटण चुकलं तर ते काढून पुन्हा लावता येतं. कापड चुकीचं कापलं तर गेलंच. शिवाय बटण लावता लावता तयार कपडा कसा असतो ते हातांना कळत राहतं. बहुतेक ऑनलाइन कोर्स पाहा: पहिला धडा मापं आणि कापणी. कारण पहिल्या दिवशी 'आता तुमचा स्वतःचा कुर्ता!' म्हटलं की खप होतो. बटणाने खप होत नाही.

मग प्रश्न येतो शाळेचा. रोजची कामं शाळेत का शिकवत नाहीत, असं तावातावाने विचारणारे पुष्कळ असतात आणि मीही त्यांतलाच होतो. जॉन ड्यूई या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञाने १८९६मध्ये शिकागोत काढलेल्या शाळेत मुलं सूत काततात, विणतात, सुतारकाम करतात आणि त्यातूनच इतिहास आणि विज्ञान शिकतात अशी योजना होती. सव्वाशे वर्षांनंतर आपण शाळेत 'जीवनकौशल्ये' हा शब्द मात्र सर्रास ऐकतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९९०च्या दशकात अशा दहा कौशल्यांची यादी रूढ केली: निर्णय घेणं, समस्या सोडवणं, सर्जनशील विचार, चिकित्सक विचार, संवाद, परस्परसंबंध, स्वतःची जाण, समानुभूती, भावना हाताळणं, ताण हाताळणं. दहाही मोलाची. पण त्यातल्या एकालाही स्क्रू ड्रायव्हर लागत नाही, आणि दहाहीवर परीक्षेत 'टीपा लिहा' असा प्रश्न विचारता येतो. ही यादी शाळांच्या पचनी पडली यात मला नवल वाटत नाही.

हातकाम शाळेतून गेलं त्याबद्दल फार कुणी रडलं नाही, त्यालाही कारण आहे. मुलींना शिवण, मुलांना सुतारकाम. श्रीमंताच्या पोराला पुस्तक, गरिबाच्या पोराला धंदेशिक्षण. कुणी डोक्याने जगायचं आणि कुणी हाताने, याची वाटणी जन्मावरून करायची ती एक सोय होती. ती गेली ते बरंच झालं. फक्त तिच्याबरोबर सुई, पाना आणि करवतही सगळ्यांच्याच हातून गेली, आणि ती परत मिळवून देण्याचं कंत्राट शाळेने न बोलता पडद्याला दिलं. 'व्हिडिओ पाहून घरी करून आणा' असा प्रकल्प हल्ली कुठेही दिला जातो. तो घरी कोण करतं हे पालकांना विचारा. त्या प्रकल्पाला गुण मिळतात वरच्या बाजूचे.

मला जुनी वाटणी नको आणि नवं कंत्राटही नको. आठवड्यातून एक तास, सगळ्या मुलामुलींना तेच काम, आणि पाहणारा एक माणूस. तो शिक्षकच असायला हवा असं नाही, वरच्या वर्गातला पोरगाही चालेल. ज्याने मागच्या वर्षी हेच चुकवलं होतं, तो ती चूक लवकर ओळखतो. मास्तर कमी आहेत हे मान्य, म्हणूनच कामं थोडी ठेवावीत. वर्षाला चार कसबं हाताला लागली तरी शाळा सुटेपर्यंत चाळीस होतात.

आणि ऑनलाइन विकणाऱ्यांना, म्हणजे आम्हाला, एक प्रश्न गिऱ्हाइकाने पैसे देण्याआधी विचारावा: माझं काम कोण पाहणार आणि किती वेळा? किती तासांचे व्हिडिओ, किती डाउनलोड, आयुष्यभर प्रवेश, हे सगळं बाजूला ठेवून. आयुष्यभर प्रवेश म्हणजे पुष्कळदा आयुष्यभर न पाहण्याचा हक्क. या प्रश्नाला 'आमचा समुदाय आहे' असं उत्तर आलं तर समजावं की कुणीच पाहणार नाही.

आता यंत्रच फोटो पाहून चूक सांगेल, माणसाची गरज काय, असंही विचारलं जातं. सांगत असेल तर उत्तमच, ताईचे रोजचे दोन तास वाचतील. माझी शंका यंत्राच्या डोळ्याबद्दल नसून त्याला कामावर ठेवणाऱ्याबद्दल आहे. गिऱ्हाईक टिकवायचं असेल तर 'वा, छान!' म्हणणारं यंत्र परवडतं. 'तिसऱ्या टाक्यापासून उसव' म्हणणारं परवडेल का, ते पाहायचं.

आमचं उत्पन्न घटलं, हे लपवत नाही. एका वेळी जेवढे फोटो ताई पाहू शकते तेवढीच माणसं घेता येतात, आणि ती संख्या वाढवायचा कुठलाही उपाय मला अजून सापडलेला नाही. दोघी जुन्या विद्यार्थिनी आता नव्यांचे फोटो पाहतात. त्यांचा मोबदला दिल्यावर उरतं ते मोजायला फार वेळ लागत नाही. वेलबुट्टीचं प्रमाणपत्र बंद केलं. त्याची चौकशी करणारे अजून येतात, आणि नाही म्हटल्यावर बहुतेक जण जातात.

अभ्रा मी चौथ्या खेपेला नीट शिवला. हल्ली मीही इतरांसारखे फोटो पाठवतो, त्याच यादीत, आपला नंबर लागेपर्यंत थांबून. परवा चेन बदललेल्या पिशवीचा पाठवला होता. उत्तर आलं: 'ही वरची बाजू आहे.'